दोरा न्हाई ते तुमचं

बेबीनंदा एकदा बोलली की शब्द मागं घेत नाही, हे गावाला ठाऊक होतं. पण या खेपेला ती जरा जास्तच बोलून बसली होती. पिठाच्या गिरणीत, दवाखान्याच्या ओट्यावर, जाफराबादच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसल्यावर शेजारणीच्या कानात, जिथं म्हणून दोन बाया भेटतील तिथं तिनं सांगून ठेवलं होतं. गेलेल्या नवऱ्याच्या, सर्जेरावांच्या स्मृतिदिनाला नात दीपमाला आजोबाचं चित्र करणार आहे. आणि साधंसुधं नाही. बघणारा आपोआप सरकून बसायला जागा देईल, असं चित्र.

असं बोलायला कारण होतं. दीपमाला म्हणजे थोरल्या राजानंदची एकुलती लेक. औरंगाबादेत राहून चित्रकला शिकली आणि आता बडोद्याला पुढचं शिकायला जाते म्हणून हट्ट धरून बसली. राजानंद शाळेत मास्तर. त्याचं म्हणणं, चित्रं पुष्कळ झाली, आता बीएड कर, नाहीतर लग्न कर. त्यात सर्जेरावांची धाकटी बहीण नंदाबाई आष्टीहून फोनवर फोन करून परतूरचं एक स्थळ पुढं रेटत होती. पोरगा बँकेत होता, मोटारसायकल स्वतःची होती. घरात महिनाभर जेवणापेक्षा वादच जास्त शिजला. शेवटी राजानंदनं तोडगा काढला. वडिलांच्या, बापूंच्या स्मृतिदिनाला दीपूनं त्यांचं चित्र करावं. गावानं मान डोलावली तर बडोदा. नाहीतर त्याच दिवशी आत्यासंगं बसून स्थळाचं ठरवून टाकायचं.

"डोलावतील," बेबीनंदा म्हणाली होती. "न डोलावून जातील कुठं?"

आता ती सकाळ उजाडली होती, आणि चित्र कसं झालंय याचा बेबीनंदाला काडीचा पत्ता नव्हता.

पोरीनं भिंत मागितली नाही, कागद मागितला नाही. मागितलं काय, तर शेतातलं रिकामं शेडनेट. मिरचीचं पीक निघून गेलेलं, हिरव्या जाळीचं ते लांबलचक घर मोकळंच पडलेलं. धाकटा संघपाल कुरकुरला, मला नवे वाफे पाडायचेत म्हणाला. आईनं नुसतं बघितल्यावर गप बसला. मग पोरीनं वाळल्या लाल मिरच्यांची पोती मागितली. बेबीनंदानं दिली. तिला वाटलं, कुटून रंग करायचा असेल. पंधरवडाभर दीपमाला आणि तिची आई ज्योत्स्ना दोघीच आत असायच्या, दाराला कुलूप घालून. संध्याकाळी सुनेची बोटं लालबुंद आणि डोळे पाणावलेले. विचारलं तर म्हणायची, "मला न्हाई कळत, आत्याबाई. ती सांगते तसं बांधून राह्यले." एवढी गरीब गाय, पण नवऱ्यालाही तिनं दाद लागू दिली नव्हती. हे मात्र बेबीनंदाला आवडलं होतं.

घरी बुद्धवंदना झाली, सर्जेरावांच्या फोटोला हार घातला, आणि सगळं गणगोत शेताकडं निघालं. पुढं नंदाबाई, नव्या कोऱ्या साडीत. तिच्या बाजूला राजानंद, इस्त्रीच्या शर्टात. मागं क्रॉसिंगच्या, म्हणजे बियाण्यासाठी मिरचीच्या फुलांचा संकर करणाऱ्या बाया, सर्जेरावांच्या हाताखाली राबलेल्या. त्यांच्यात अजीजुन्निसा, नवऱ्याला घेऊन आलेली. नवरा म्हणजे चांदपाशा पेंटर. पंचक्रोशीतल्या दुकानांच्या पाट्या, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे, निवडणुकीचे हात आणि कमळं, सगळं त्यानं रंगवलेलं. फ्लेक्सनं धंदा बसवला, पण डोळा बसला नव्हता. लहानपणी दीपमालानं पहिला ब्रश त्याच्याच डब्यातून उचलला होता. त्यामुळं तो आज परीक्षक असल्यासारखा खाकरत होता.

दीपमालानं कुलूप काढलं आणि बाजूला झाली.

आत गेलेली माणसं दहा पावलांवर थबकली. शेडनेटच्या ऐन मधे, आडवा, या कडेपासून त्या कडेपर्यंत, मिरच्यांचा पडदा लोंबत होता. वरच्या तारेला तंगूस बांधलेले, तंगूस म्हणजे मासे धरायचा तो पारदर्शक दोरा, आणि एकेका तंगुसावर वरपासून गुडघ्याच्या उंचीपर्यंत मिरच्याच मिरच्या. दाट, लालभडक, मागचं काही दिसू नये अशा. जाळीतून येणाऱ्या हिरव्या उजेडात ती लाल भिंत तापल्यासारखी वाटत होती. आणि तिच्या पुढं खांबांना ताणून बांधलेली सुतळी, तिला अडकवलेला पुठ्ठा, राजानंदच्या वळणदार अक्षरात: कृपया कलाकृतीस हात लावू नये.

थोडा वेळ सगळे शोधत राहिले. डोकी डावीकडं गेली, उजवीकडं गेली, वर गेली. कुणी फ्रेम शोधत होतं, कुणी सर्जेरावांच्या मिशा. एक जण शिंकला आणि मग चौघं शिंकले.

"भावाचं चित्र बघायला मी आष्टीहून गाड्या बदलत आले," नंदाबाई सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या हळू म्हणाली. "अन् बघते तं मिरच्या. मिरच्या काय आष्टीला मिळत न्हाईत?"

मागून हसू फुटलं. बेबीनंदाच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. गिरणीतली बाई, दवाखान्यातली बाई, जीपमधली बाई, तिघीही तिथं होत्या, आणि तिघीही तिच्याकडंच बघत होत्या.

राजानंद लेकीजवळ गेला. तो ओरडणारा माणूस नव्हता. तो हळू बोलायला लागला की घाबरायचं. "दीपू, चित्र कुठंय?"

"हेच, पप्पा."

"मंग हे काय आहे ते लोकांना समजावून सांग. माणसं उभी आहेत."

"सांगितलं तं गेलं." तिची नजर बापावर नव्हती, सुतळीवर होती. पायात काटा मोडल्यावर माणूस बघतो तशी. "हा बोर्ड कुनी लावला?"

"मी. पहाटे अंधारात येऊन, जाळीची कड उचलून आत शिरलो. आजिंठ्याला सहलीत बघतो ना, लोक काय काय करतात ते. तुझं नुकसान नको म्हणून."

दातात ओठ धरला दीपमालानं. बेबीनंदानं ते पाहिलं. पोरीला रडू आलं की ती असंच करायची, लहानपणापासून. पण आज रडू नव्हतं. आणखी काहीतरी होतं. चांदपाशा टोपी मागं सारून म्हणाला की कलर बराबर आहे, पण बेटा, सर्जेरावभाऊ बिलकुल दिसून नाही राहिले. संघपालनं घड्याळ पाहिलं. राजानंदनं आत्याकडं पाहिलं आणि आत्यानं पर्समधून परतूरच्या पोराचा फोटो काढायला सुरुवात केली. फोटो म्हणजे फोटो, त्यात डोळे होते, भांग होता, टाय होता. लोकांना ते पटकन कळलं असतं.

बेबीनंदाला राहवलं नाही.

"थांबा जरा," ती म्हणाली. "पडदा हाय तो. नाटकाला पडदा नसतो का? चित्र मागं असंल." आणि गर्दीतून वाट काढत निघाली. खरोखरच तिला तसं वाटलं होतं. नाहीतर एवढी शिकलेली पोर नुसता पडदा कशाला करील?

"माय, बोर्ड वाच," राजानंद म्हणाला.

बेबीनंदाची शाळा दुसरीतच सुटलेली. अक्षराला अक्षर जोडून ती वाचायची, आणि वाचलेलं सगळंच ऐकायची असं नाही. तिनं पुठ्ठ्यापाशी उभं राहून ओठ हलवले, शेवटपर्यंत गेली, आणि मान वर केली.

"वाचला. चांगलं अक्षर हाय तुझं. पन ह्या जाळीचा एक एक खांब मी धरून उभा केलाय, मास्तर. मला हात लावू नको म्हननारा अजून जन्मायचाय."

ती सुतळीखालून वाकून पलीकडं गेली. पडदा बाजूला सारायला तिनं हात घातला, आणि हात तिथंच राहिला.

कारण बोटांना दोरा लागला. मिरचीच्या देठाला बांधलेला बारीक दोरा. लाल मिरचीवर लाल, लांबून दिसायचा नाही. दुसऱ्या मिरचीला दोरा. तिसरीला दोरा. चौथीला नाही.

तिनं ती चौथी खुडली. विचार करून नव्हे. डोळ्यात कुसळ गेल्यावर पापणी मिटते, तसं झालं. बियाण्याच्या मिरचीत जन्म घालवलेल्या बाईचा हात दुसरं काही करूच शकत नव्हता. फूल उमलायच्या आत चिमट्यानं त्याचा नर काढायचा, बोटातल्या अंगठीच्या वाटीतली दुसऱ्या फुलाच्या परागाची पावडर त्याला लावायची, आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा म्हणजे आपल्या हातचं. ज्या मिरचीला दोरा नाही ती आपोआप धरलेली. ती दिसली की खुडायची. एक जरी राहिली तरी बियाण्यात भेसळ. सगळी क्रॉसिंग या एका नियमावर उभी.

तंगूस तेवढ्या जागी रिकामा होऊन थरथरला. बेबीनंदानं खुडलेली मिरची मुठीत लपवली, आणि आता पोर बोंबलणार म्हणून मागं पाहिलं.

दीपमालाचा चेहरा असा उजळला होता की बेबीनंदाला कळेना, हिला झालं काय. बारावीचा निकाल लागला त्या दिवशी ती अशी दिसली होती. तिनं मान हलवली नाही, खूण केली नाही. पण ओठ दातातून सुटला होता.

मग बेबीनंदानं आणखी एक खुडली. तिच्या शेजारची खुडली. बघता बघता तिचे दोन्ही हात चालायला लागले.

"भाभी," सुतळीच्या अलीकडून अजीजुन्निसा म्हणाली, "ती ओळ माझी हाय. तुमची तिकडची."

"मंग ये की. तिकडं उभी राहून काय ओळ करतीस?"

अजीजुन्निसा बुरखा सावरत सुतळीखालून आली. तिच्यामागून पुंजारामची बायको, तिच्यामागून गिरणीतली, मग सगळ्याच. कुणीतरी सुतळी वर उचलून धरली, कुणाच्या तरी खांद्यात अडकून पुठ्ठा खाली पडला आणि पायाखाली गेला. प्रत्येक बाई न सांगता आपापल्या जागी जाऊन उभी राहिली, जिथं ती हंगामभर उभी राहायची. हात चालले तशी तोंडंही सुटली. ही खोलातली तुला दिसली न्हाई गं, म्हातारी झालीस. तुझ्या वेळेला भेसळ निघाल्ती, विसरलीस का? माझ्यामुळं न्हाई, तुझ्या जावेमुळं. पदर भरत होते, शिंका येत होत्या, आणि शेडनेटात पुन्हा हंगाम असल्यासारखा गलका उठला होता. बेबीनंदाला घाम सुटला. आपण इथं कशाला आलो, नंदाबाई काय म्हणाली, बडोदा काय नि परतूर काय, सगळं तिच्या डोक्यातून गेलं. बिनदोऱ्याच्या मिरच्या सगळीकडं नव्हत्या. मधल्या भागात मात्र दाट होत्या, आणि तिथं सगळ्या बाया खांद्याला खांदा लावून खुडत होत्या.

हळूहळू हाताला फक्त दोऱ्याच्याच लागायला लागल्या. काम संपलं. पुंजारामच्या बायकोनं भरलेला पदर दोन्ही हातांनी धरला आणि सवयीनं विचारलं,

"ह्या कुठं टाकायच्या?"

आणि सवयीनंच बेबीनंदाच्या तोंडून गेलं, "दोरा न्हाई ते तुमचं."

सगळ्या बायांच्या नजरा दाराकडं गेल्या. हे वाक्य बेबीनंदाचं नव्हतं.

दुसऱ्यांच्या शेडनेटात बिनदोऱ्याच्या मिरच्या खड्ड्यात जायच्या, वर माती पडायची. सर्जेरावांच्या शेडनेटात रोज संध्याकाळी हाच प्रश्न व्हायचा आणि रोज हेच उत्तर यायचं. दाराशी उभे असायचे, हात मागं बांधलेले, खांद्यावर टॉवेलासारखी दस्ती, मान जराशी पुढं. दोरा न्हाई ते तुमचं. मग बाया पदर बांधून घरी जायच्या आणि पाचपन्नास घरांत ठेच्याचा खमंग वास सुटायचा. बेबीनंदा तेव्हा चिडायची. म्हणायची, गावाला जेवू घालायला बसलेत. ते हसायचे.

"आजी," दीपमाला मागून म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज मोकळा होता. "आता मागं या. दारापर्यंत. सगळ्याच या."

बाया पदर सावरत मागं सरकल्या. बेबीनंदा सगळ्यांच्या शेवटी वळली.

लाल भिंतीत एक माणूस उभा होता. मिरच्यांचा नव्हे; मिरच्या जिथं नव्हत्या तिथं. त्यांनीच खुडून रिकाम्या केलेल्या जागेतून पलीकडचा उजेड येत होता आणि त्या उजेडाला खांदे होते. मागं बांधलेल्या हातांची दोन कोपरं होती. कोपर आणि कंबर यांच्या मधल्या फटीत दोऱ्याच्या मिरच्या तशाच लोंबत होत्या, त्यामुळं हात हातासारखे दिसत होते. एका खांद्यावर दस्तीचा फुगवटा. मान जराशी पुढं. होते त्याहून थोडे उंच, गेलेली माणसं आठवणीत होतात तसे.

कुणी म्हणालं नाही की हे कोण. नंदाबाईनं परतूरचा फोटो तसाच पर्समध्ये सोडून दिला.

"दादा," ती म्हणाली. भाऊ जिवंत असताना म्हणायची तसं. आणि मग, "जाऊन राह्यलाय."

"जाऊन कुठं?" अजीजुन्निसा म्हणाली. "येऊन राह्यलेत. आमच्याकडं तोंड हाय."

"तोंड कुठं दिसतंय तुला? पाठ हाय ती. मला आष्टीला सोडून निघाला तवा असाच दिसत होता. मी दारातून बघत होते."

"अन् मी रोज सांजच्याला बघत होते, ते काय? तोंडच हाय."

तिथून जे सुरू झालं ते आवरेना. अर्धी माणसं म्हणाली येतायत, अर्धी म्हणाली जातायत. गिरणीतली बाई म्हणाली, येतही नाहीत जातही नाहीत, हिशेब विचारायला थांबलेत. संघपाल, ज्याला वाफे पाडायची घाई होती, तो पडद्याच्या पलीकडं जाऊन त्या उजेडाच्या मागं उभा राहिला, आणि सगळे ओरडले की बाजूला हो, आता तूच दिसून राह्यलास. मग दुसऱ्यांनाही तिथं उभं राहायचं होतं. जो उभा राहील त्याचं सदरा-लुगडं सर्जेरावांच्या अंगात भरायचं. हसणं, ढकलाढकली, मोबाईल वर धरलेले हात. मघाशी चित्र कुठं म्हणून शोधणारी माणसं आता चित्राबद्दल भांडत होती, आणि एकही जण दीपमालाला विचारत नव्हता की ह्याचा अर्थ काय.

चांदपाशा मात्र जागचा हलला नव्हता. तो रिकाम्या तंगुसांकडं बघत होता.

"भाभी," तो बेबीनंदाला म्हणाला, "मी जिंदगीभर भरत आलो. कोरी भिंत दिसली की भरा, जागा दिसली की भरा. ह्या पोरीनं उलटं केलं. काढून टाकून मानूस उभा केला." जरा थांबून म्हणाला, "अन् तेही तुमच्या हातून. आपला हात बी नाही लावला."

"मी कुनाला काही सांगनार नव्हते, चाचा," दीपमाला म्हणाली. "हात आपोआप गेले तरच चित्र. न्हाई तं नुसत्या मिरच्या. मला वाटलं, आत पाऊल टाकताच बाया खुडायला लागतील. पन..." तिनं पायाखालच्या पुठ्ठ्याकडं पाहिलं आणि पुढचं गिळून टाकलं.

बेबीनंदानं पोराकडं पाहिलं. राजानंद मघापासून एका खांबाशी उभा होता. त्यानं ते ऐकलं होतं. वाकून त्यानं पुठ्ठा उचलला, त्यावरची माती झटकली, आणि काय करावं ते न कळून हातात धरून ठेवला.

"पप्पा," दीपमाला म्हणाली, "अजून पुरं न्हाई झालं."

तिनं वर बोट दाखवलं. सर्जेरावांच्या कपाळाच्या जागी एक मिरची राहिली होती. उजेडात काळीशी, एकटीच. बायांचा हात तिथवर पोचला नव्हता. संघपाल आईवर गेलेला, ठेंगणा. त्या उंचीचा घरात आता एकच माणूस होता.

"तिला दोरा हाय का?" राजानंदनं विचारलं.

"हात लावून बघा."

शेडनेटातला गलका खाली आला. राजानंद पुढं गेला. सुतळीचं एक टोक अजून खांबाला होतं. वळसा घालता आला असता, पण तो खालून वाकून गेला. टाचा उचलल्या, हात वर केला. क्षणभर त्याची बोटं देठावर फिरली, आणि मग खुडल्याचा तो बारीकसा आवाज आला, जो शेडनेटातल्या प्रत्येक बाईला ओळखीचा होता. कपाळ उजेडानं भरलं.

तो तिथंच उभा राहिला, बापाच्या इतका जवळ की त्याला स्वतःला काहीच दिसत नसणार.

"तुमाला काय वाटतं, पप्पा? येतायत का जातायत?"

राजानंदनं मिरची शर्टाच्या खिशात ठेवली, इस्त्रीच्या. "थांबलेत," तो म्हणाला. "मी काय म्हनतो ते ऐकायला." मग घसा साफ केला, वर्गात करतो तसा. "बडोद्याला थंडी असते का गं? तुझ्या आईला गोधड्या काढाया लागतील."

ज्योत्स्नानं पदर डोळ्याला लावला आणि लगेच ओरडून काढला, कारण बोटांना मिरची होती. तिच्या त्या ओरडण्यावर सगळं शेडनेट हसलं, तीही हसली, डोळे गळत असताना.

दीपमाला आजीच्या गळ्यात पडली. बेबीनंदानं तिला एक धपाटा घातला. "मला आधी सांगायचं होतंस, भवाने. गावात माझं नाक जाता जाता राह्यलं."

"सांगितलं असतं तं तू खुडली असतीस का?"

बेबीनंदानं ऐकू न आल्यासारखं केलं आणि बायांकडं वळली. जेवण तयार होतं, पंगत बसायची होती. बाया निघाल्या होत्या, पदराच्या गाठी मारून, पोटाशी धरून. आज रात्री त्या गाठी घरोघर सुटणार होत्या. सर्जेरावांचा खांदा एका घरी, कोपर दुसऱ्या घरी, दस्ती तिसऱ्या घरी. बेबीनंदाला एकदम वाटलं की हे त्यांना आवडलं असतं, आणि आपण पुन्हा चिडलो असतो.

दाराशी नंदाबाई अडून उभी होती. तिचा नवा कोरा पदर तिनं दोन्ही हातांनी पुढं धरला होता, रिकामा. ती काही खुडायला गेली नव्हती.

बेबीनंदानं तिच्याकडं पाहिलं, पदराकडं पाहिलं, आणि आपल्या पदराची गाठ सोडायला घेतली. पण सोडता सोडता थांबली.

"का वं, नंदाबाई? आष्टीला मिरच्या मिळत न्हाईत का?"

नंदाबाईनं त्या उजेडातल्या माणसाकडं एकदा मागं वळून पाहिलं.

"ह्या मिळत न्हाईत, वहिनी," ती म्हणाली.